द्वीपकल्प नावाचं बेट

नॉर्वेच्या उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात, कॉन्ग्सफ्योर्ड नावाच्या खाडीत, ब्लोमस्ट्रांडहाल्वोया नावाचं बेट आहे. ‘हाल्वोया’ म्हणजे नॉर्वेजियनमध्ये द्वीपकल्प. नाव पडलं तेव्हा हिमनदीमुळे ते मुख्य भूमीला जोडलेलं होतं. 1990च्या दशकात बर्फ मागे सरकला आणि मधे समुद्र निघाला. जुलैत आम्ही त्याच्या दक्षिण किनाऱ्याचा एक तुकडा मोजला.

परवानग्यांचं पुराण लावत नाही. खरी गोची रेडिओची झाली. समोरच्या न्यू अलेसुंड या संशोधन-वस्तीत भूगणितीय वेधशाळा, म्हणजे पृथ्वीचा आकार आणि हालचाल मोजणारी वेधशाळा, आहे. तिथल्या अँटेना क्वेसारचे, म्हणजे अतिदूरच्या तेजस्वी आकाशगंगा-केंद्रांचे, अतिक्षीण संकेत टिपतात. म्हणून 20 किलोमीटरच्या परिसरात 2 ते 32 गिगाहर्ट्‌झचं प्रक्षेपण विनापरवानगी बंद. म्हणजे वायफाय, ब्लूटूथ, नेहमीचे ड्रोन सगळंच गेलं, आणि आमच्या उपग्रहांवरून जागा मोजणाऱ्या रिसीव्हरचा कंट्रोलर नेमका ब्लूटूथवाला! शेवटी केबल लावली. तीही हातमोजे काढल्याशिवाय बसेना. बेस (एका जागी ठेवलेला रिसीव्हर) आणि रोव्हर (सोबत फिरवायचा) नुसते रेकॉर्ड करत ठेवायचे, गणित संध्याकाळी. संध्याकाळ आपली म्हणायची, सूर्य काही मावळत नव्हता.

चौघांपैकी एक जण रायफल घेऊन फक्त अस्वलावर नजर ठेवणार, मोजणीला हात लावणार नाही, हे आधीच ठरलेलं. उरलेल्या तिघांचा वाद किनारा नेमका कुठे यावर. पाण्याची कड दर तासाला हलते. भरतीने टाकलेल्या शेवाळाची ओळ निदान जागेवर राहते, म्हणून ती धरली. तिच्या वर गोट्यांचे जुने किनारे पायऱ्यांसारखे चढत गेलेत. बर्फाचं ओझं उतरल्यापासून इथली जमीन वर येतेय, त्याच्या त्या खुणा. त्या मोजताना मी वेळेचं भान विसरलो, हे कबूल.

रात्री लॅपटॉपवर पाहतो तर बेस एकीकडे आणि बेटावरचे बिंदू सुमारे 125 किलोमीटर पश्चिमेला! बेस होता ते न्यू अलेसुंड 12 अंश पूर्व रेखांशाच्या किंचित पश्चिमेला, आमचे बिंदू किंचित पूर्वेला. यूटीएम या नकाशा-पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे, म्हणजे झोन, असतात आणि प्रत्येकाचं मोजमाप वेगळ्या मध्यरेषेपासून होतं. सॉफ्टवेअरने नेहमीच्या हिशेबाने बेसला झोन 32 दिला आणि बिंदूंना 33. पण स्वालबार्डसाठी 32 वगळलेला आहे. तिथे 33 रुंद करून 9 ते 21 अंशांपर्यंत नेलाय. हे मला पाठ होतं, तरी दोन तास मी केबलवरच संशय घेत बसलो.

झोन हाताने बदलला, बिंदू निमूट किनाऱ्यावर येऊन बसले. उंची मात्र अजून पस्तीसेक मीटर जास्तच दिसत होती. जिऑइड, म्हणजे सरासरी समुद्रपातळीचा पृष्ठभाग, लावायचा राहिला होता.