तुम्ही विचारलंत म्हणून: बी.टेक.ला असताना मोबाईलच्या लोकेशनवर संशोधन करता येतं का?

“मॅडम, मोबाईल नेटवर्कमधून माणसाचं लोकेशन कसं फुटतं, यावर काम करायचंय. पण मी अजून तिसऱ्या वर्षाला आहे. कुणी घेईल का?” हे इतक्या मुलामुलींनी विचारलंय की एकदा सविस्तरच सांगते.

घेतात. पण आधी माझ्या एका विद्यार्थिनीचं काम ऐका. ती रोज तासगावहून सांगलीला एसटीनं यायची. फोनला दिसणारे सेल आयडी (टॉवरच्या प्रत्येक क्षेत्राचा, म्हणजे सेलचा, ओळखक्रमांक) आणि टायमिंग ॲडव्हान्स नोंदवणारं छोटं ॲप तिनं लिहिलं. जीपीएस वाचायचं नाही असं ठरलं होतं, तरी अँड्रॉइडनं लोकेशनची परवानगी मागितलीच. टायमिंग ॲडव्हान्स म्हणजे फोनचा सिग्नल टॉवरला नेमक्या वेळी मिळावा म्हणून तो किती आधी सोडायचा, याचा आकडा. त्यावरून टॉवरपासूनचं अंतर निघतं. टूजीत त्याची एक पायरी साधारण 550 मीटरची होती, फोरजीत 78.

पहिल्या दिवशी सगळ्या नोंदींत एकच आकडा: 2147483647. हे अंतर नव्हे, ‘माहिती उपलब्ध नाही’ अशी अँड्रॉइडची खूण, हे शोधण्यात तिचे चार दिवस गेले. मग मावसभावाचा फोन मागून आणला, त्यावर खरे आकडे आले. दोन महिन्यांनी आलेख काढला तर कवलापूर, माधवनगर नकाशाशिवाय ओळखू येत होतं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या एखाद्या बाईच्या फोनचा असाच आलेख नको त्या हाती पडला तर काय होईल, हे मला तिला वेगळं सांगावं लागलं नाही.

या क्षेत्रात अजून खूप काम बाकी आहे. 2008 साली जर्मन सुरक्षा संशोधक टोबियास एंगेल यांनी बर्लिनमध्ये दाखवलं की मोबाईल कंपन्या आपसांत संदेश पाठवायला वापरतात त्या जुन्या एसएस7 यंत्रणेला विचारणा करून, नुसत्या नंबरावरून फोन कुठे आहे ते कळू शकतं. फाइव्हजीत सिमचा कायमचा ओळखक्रमांक कूटबद्ध करून पाठवायची सोय आली, पण तो उघडा पाठवायचा पर्यायही मानकात ठेवलेला आहे. तो कधी वापरला जातो, हे तपासणं पदवीच्या मुलांच्या आवाक्यातलं आहे. ओपन5जीएस (फाइव्हजी नेटवर्कचा गाभा) आणि यूईरॅनसिम (नकली फोन आणि टॉवर) ही मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर चालतात, रेडिओ लागत नाही. नेटवर्कवरचे संदेश दाखवणारं वायरशार्क उघडा आणि फोननं नेटवर्ककडे पाठवलेला नोंदणीचा पहिला संदेश स्वतः वाचा.

एक गोष्ट मात्र कुणाच्याही सांगण्यावरून करू नका. एसडीआर (सॉफ्टवेअरनं चालणारा रेडिओ) विकत घेऊन खोलीत स्वतःचं बेस स्टेशन, म्हणजे छोटा मोबाईल टॉवर, चालू करू नका. परवान्याशिवाय त्या वारंवारितेवर प्रक्षेपण करणं गुन्हा आहे, आणि शेजाऱ्याचा फोन तुमच्या सेलला चिकटला तर त्याला तातडीचा कॉलही लागणार नाही. असे प्रयोग प्रयोगशाळेच्या बंद, सिग्नलरोधक पेटीतच होतात.

संधींचं थोडक्यात. तीन विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप साधारण दोन महिन्यांची असते, अभियांत्रिकीच्या मुलांनाही मिळते. जर्मनीसाठी डाड (DAAD) या तिथल्या शिष्यवृत्ती संस्थेची ‘वाइज’ (WISE) आणि कॅनडासाठी मायटॅक्स ग्लोबलिंक (Mitacs Globalink) या संशोधन इंटर्नशिप, यांच्या त्या-त्या वर्षीच्या जाहिराती बघा. अमेरिकेतल्या एनएसएफ या सरकारी विज्ञान संस्थेच्या ‘आरईयू’ (पदवीच्या मुलांसाठी संशोधनाचा अनुभव) कार्यक्रमाच्या जागा मात्र तिथले नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासाठीच असतात. त्यात तुमचे दिवस घालवू नका. भारतात आयआयटी मद्रासच्या पुढाकारानं उभा राहिलेला फाइव्हजी टेस्टबेड (चाचणीसाठीचं नेटवर्क) 2022 पासून आहे. त्यात मुंबई, हैदराबाद, कानपूरच्या आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएससीही आहेत. तिथल्या प्राध्यापकांना थेट लिहा.

पत्रात ‘मला सायबर सुरक्षेची आवड आहे’ असं लिहू नका, अशी पत्रं ढिगानं येतात. काय मोजलं, कुठे अडलात, ते दहा ओळींत लिहा. त्या मुलीनं 2147483647 ची हकिगत लिहिली होती, आणि तिला दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं.

मलाही तुमच्या नोंदींची फाइल (लॉग) पाठवलीत तरी चालेल, मी वाचते. फक्त पाठवण्याआधी रात्रीच्या नोंदी आणि घराजवळचे सेल आयडी काढून टाका. तुमचं घर कुठे आहे ते मला त्या फाइलवरून कळता कामा नये.