पूर्वेची गॅलरी

सकाळी सातला मी मैदानावर पोचले तेव्हा मैदान सांभाळणाऱ्या नानांनी प्रेक्षकांच्या दोन्ही गॅलऱ्यांखाली झाडून, धूळ बसावी म्हणून पाणीही मारून ठेवलं होतं. पाहुणे येणार म्हटल्यावर घर आवरावं तसं. मैदानाचं नाव लिहीत नाही, ते चालवणाऱ्या संस्थेचंही नाही. फुटबॉलचं आहे, जुनं आहे, नाशिक शहरात आहे, एवढं पुरे.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. एकोणीस वर्षं नाशिकमध्ये हेच काम करते. तीस वर्षांवरच्या सोसायट्यांचं ऑडिट हा रोजचा उद्योग. स्टेडियम मात्र पहिलंच. संस्थेत वर्षभर दोन तट पडले होते. एक म्हणे, सगळं पाडा, नवं बांधा, गॅलरीखाली दुकानांचे गाळे काढा, भाड्यावर मैदान चालेल. दुसरा म्हणे, डागडुजी करा, पुरेसं आहे. चार वाजता बैठक होती आणि मी तिथे तोंडी का होईना, पण काहीतरी ठाम सांगावं अशी अपेक्षा होती. रविवारी, म्हणजे तीन दिवसांवर, स्पर्धेचा अंतिम सामना होता.

सुरुवात पश्चिमेच्या गॅलरीपासून केली. दिसायला भयंकर. रंग उडालेला, कोपरे तुटलेले, खांबांवर शेवाळ वाळून काळे ओघळ. खरं सांगते, गेटातून आत येतानाच माझ्या मनात निकाल लागला होता की ही जाणार. पण हातोडी मारत गेले तसा प्रत्येक खांब खणखणीत वाजला. काँक्रीटचा कणखरपणा मोजणाऱ्या रिबाउंड हॅमरचे आकडेही चांगले आले. एका बीमवर छोटा कोपरा फोडून फिनॉल्फ्थॅलीन फवारलं. काँक्रीटमधला क्षार शाबूत असेल तर ते गुलाबी होतं, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो मारला असेल तर रंग येत नाही. वरचा साधारण बारा-तेरा मिलिमीटरचा पापुद्रा रंगहीन राहिला आणि त्याच्या आत जास्वंदीसारखा गडद रंग उमटला. सळई त्या गुलाबी भागात, खोलवर होती. म्हणजे सुखरूप.

पूर्वेची गॅलरी त्याच वर्षी, त्याच कंत्राटात बांधलेली. दोन वर्षांपूर्वी खालून सिमेंटचे तुकडे पडायला लागले म्हणून संस्थेने तिला प्लास्टर करून रंग दिला होता. त्यामुळे ती चकाचक. माझी ज्युनिअर म्हणाली, "मॅडम, ही बरी दिसते." मलाही दिसत होतीच.

तिसऱ्या गाळ्यात, म्हणजे खांबांमधल्या तिसऱ्या भागात, जिथे तिरका बीम खांबावर टेकतो आणि गॅलरीचा सांधा येतो, तिथे हातोडी मारली. आवाज बद्द आला. भोपळ्यावर टिचकी मारावी तसा. पुन्हा मारली. हाताएवढं प्लास्टर सुटून खाली पडलं आणि त्यामागे काँक्रीटचा पापुद्राही आला. सळई उघडी पडली. मी बोट लावलं तर तिचे पदर सुटले, जुन्या वहीची पानं सुटावीत तसे. ब्रशने घासून जाडी मोजायचा व्हर्निअर लावला. मूळ सोळा मिलिमीटरची सळई अकरा भरली. सळईची ताकद तिच्या व्यासावर नाही, छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते. सोळाची अकरा झाली म्हणजे निम्म्याहून जास्त पोलाद गेलं. फिनॉल्फ्थॅलीन फवारलं, सळईपर्यंत काही रंग आला नाही. शेजारच्या दोन गाळ्यांतही तीच कथा, थोडी कमी.

एकाच वयाच्या दोन गॅलऱ्या, मग एक ठणठणीत आणि एक अशी का? शिडी लावून वर गेले. सांध्यातलं, पाणी अडवणारं सीलंट कधीच निघून गेलेलं, भेगेत माती. पावसाचं पाणी खाली नेणारे पाच पाइप. त्यांतले तीन पूर्ण बुजलेले आणि एकाच्या तोंडातून मनगटाएवढा पिंपळ उगवलेला. पाणी साचायचं, सांध्यातून झिरपून नेमकं बीमच्या टोकावर उतरायचं. पावसाळाभर ओलं, मग कोरडं, पुन्हा ओलं. गंजलेलं लोखंड फुगतं, मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतं आणि भोवतीचं काँक्रीट आतून फोडतं. त्यावर वरून प्लास्टर चढवलं की गंज झाकला जातो, थांबत नाही.

"तो पिंपळ मी दोनदा तोडला, ताई," नाना खालून म्हणाले. "मूळ आत गेलंय त्याचं." मग ते खोलीत जाऊन एक लाल रजिस्टर घेऊन आले. मैदानाचं रोजचं टिपण. दरवर्षीच्या जूनमध्ये त्यांच्या वळणदार अक्षरात एक ओळ होती: पूर्वेकडील पाइप तुंबले, कळविले. मी सात वर्षांची पानं चाळली. सातही वर्षं ती ओळ होती. कोणी वाचली नाही याचा मला त्या दिवशी फार राग आला, अजूनही येतो.

तेवढ्यात सकाळी नऊला खेळणारी मुलं आली. बारा-चौदा वर्षांची पंधरा-वीस पोरं, आणि सवयीप्रमाणे पूर्वेच्या पायऱ्यांवर बसून बुटाच्या नाड्या बांधायला लागली. नेमकी तिसऱ्या गाळ्याच्या वर. मी ओरडलेच. नानांनी शिट्टी वाजवून त्यांना खाली उतरवलं आणि मैदानाच्या पलीकडे नेलं. हात थोडे थरथरत होते माझे. त्या पोरांच्या वजनाने काही झालं नसतं, हे मला आकड्यांत ठाऊक होतं. पण रविवारी तिथे कोण बसणार हेही ठाऊक होतं. संध्याकाळच्या सामन्यात पश्चिमेला सावली असते, म्हणून पाहुणे आणि पदाधिकारी तिकडे. पूर्वेला उन्हाकडे तोंड करून फुकट बसणारी जनता, ढोल-ताशे घेऊन. खुर्च्या नसलेल्या अशा जागेसाठी चौरस मीटरला 5 किलोन्यूटन, म्हणजे साधारण पाचशे किलो भार धरतात. पण तो स्थिर भार. गोल झाल्यावर सगळे एका ठेक्यात उड्या मारतात तेव्हा बीमला बसणारा धक्का त्याहून वेगळा असतो.

बैठकीत मी सळईचा तुकडा कागदावर ठेवला आणि आधी एकच मागणी केली: पूर्वेची गॅलरी आत्ता, आजच बंद करा. "चाळीस वर्षांत काही झालं नाही," एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले. त्यांना मी ब्राझीलमधल्या साल्वादोरच्या फोन्ते नोव्हा स्टेडियमबद्दल सांगितलं. 25 नोव्हेंबर 2007 ला भरल्या गॅलरीतला एक तुकडा पायांखालून निसटला आणि सात माणसं खाली पडून दगावली. आदल्या दिवसापर्यंत ती गॅलरीही उभीच होती. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचंही सांगितलं. तिथल्या जुन्या लाकडी गॅलरीचं काम करायचं ठरलं होतं, हंगामाचा शेवटचा सामना तेवढा बाकी होता. 11 मे 1985. गॅलरीखाली साठलेल्या कचऱ्याने पेट घेतला आणि 56 माणसं गेली. एक सामना होऊन जाऊ दे, असं म्हणू नका, एवढंच माझं मागणं होतं.

गॅलरी बंद करायला मग कोणी विरोध केला नाही. खरी वादावादी पुढे झाली. पाडण्याच्या बाजूचे एक तरुण सदस्य, रात्री जागून सगळ्या युरोपचे सामने बघणारे, म्हणाले, "मॅडम, वेम्बली पाडलंच ना? मग आपण का कुरवाळत बसायचं?" मुद्दा चुकीचा नव्हता. लंडनमधलं 1923 चं वेम्बली स्टेडियम त्यांनी पाडलं, ते प्रसिद्ध जुळे मनोरेही ठेवले नाहीत. पण तिथला शेवटचा सामना ऑक्टोबर 2000 मध्ये झाला आणि नवं उघडलं 2007 साली. मधले एफए कप या इंग्लंडच्या जुन्या स्पर्धेचे सहा अंतिम सामने वेल्समधल्या कार्डिफला न्यावे लागले. मी विचारलं, "आपलं कार्डिफ कुठलंय? नऊ वाजताची पोरं सहा-सात वर्षं कुठे खेळणार?" सिंहस्थाच्या कामांत गावातले चांगले ठेकेदार आधीच गुंतले होते, काम लांबणार हे सगळ्यांना दिसत होतं. बारा वर्षांचं पोर एकोणीस वर्षांचं होतं तेवढ्यात. त्याचं खेळायचं वय कोणत्याही अंदाजपत्रकात धरलेलं नसतं.

डागडुजीवाल्यांनाही मी खूश केलं नाही. कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम 1984 चं. 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकासाठी ते पाडलं नाही, आहे त्याच सांगाड्यात प्रेक्षकसंख्या कमी करून खुर्च्या बसवल्या आणि अंतिम सामना तिथेच झाला. म्हणजे जुनं वापरता येतं. पण सांगाडा धड असेल तरच. पूर्वेच्या गॅलरीत तो नाही. तिथे जॅकेटिंग करून, म्हणजे खांब-बीमभोवती नवं काँक्रीट चढवून, आणि दुरुस्तीचं पॉलिमर मॉर्टर भरून पैसा ओतत राहणं मला सहीनिशी मान्य करता येणार नव्हतं. म्हणून मी स्पष्ट सांगितलं: पूर्वेची पाडा. पश्चिमेची ठेवा, तिचे कोपरे दुरुस्त करा, पाण्याचा निचरा नीट करा, पाच वर्षांनी पुन्हा तपासा. मैदान एक दिवसही बंद ठेवू नका. दुकानांच्या गाळ्यांचा हिशेब त्यानंतर मांडा, कारण ते आले की मैदानाच्या कडेची जागा जाते, आणि 105 बाय 68 मीटरचं मैदान तिथे आज जेमतेम बसतंय.

दोन्ही बाजूंचे चेहरे पडले. ज्येष्ठ सदस्य उठताना म्हणाले, "ताई, त्या पायऱ्यांवर बसून आम्ही पोरांचे बाप झालो." मला त्यांना बरं वाटेल असं काही सांगता आलं नाही. मी फक्त तो सळईचा तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बराच वेळ तळहातावर धरून ठेवला होता.

रविवारचा सामना झाला. पूर्वेच्या दारांना साखळ्या, आत लोखंडी टेकू, लोक दोरीमागे मैदानाच्या दोन टोकांना उभे. नव्या स्टेडियमचा ठराव अजून अडकलेला आहे. पूर्वेची गॅलरी पाडायला मंजुरी आली आहे, काम सुरू व्हायचंय.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री साडेनऊला नानांचा फोन आला. मागे पत्र्यावर पाऊस वाजत होता, त्यामुळे ते ओरडून बोलत होते. आठवडाभर बांबू आणि जुनी साखळी घेऊन त्यांनी एकट्याने पश्चिमेचे पाइप मोकळे केले होते. "ताई, पाचही वाहतायत. टॉर्च लावून बघितलं. पाचही."