राहुकाळापूर्वीची बैठक

दोन वेगवेगळ्या भाषांची घरे लग्न ठरवण्यासाठी समोरासमोर बसणार असली, की दोन्हीकडे तयारी होते ती मोठ्या फरकांची. आपल्याकडे कोणीतरी ‘वणक्कम्’ म्हणायला शिकतो, त्यांच्याकडे कोणीतरी ‘या, बसा’ घोकून ठेवतो. बोलणी हिंदीत करायची की इंग्रजीत, हे आधीच ठरते. या फरकांची धास्ती सगळ्यांनीच घेतलेली असते आणि म्हणूनच ते फारसे त्रास देत नाहीत. बैठक अडखळते ती ज्यांना फरक म्हणावे असे कोणाच्या मनातही आलेले नसते अशा बारीकसारीक गोष्टींपाशी. माझ्या भाचीच्या लग्नाच्या पहिल्या बैठकीला मावशी म्हणून मी हजर होते. मावशीकडे निर्णयाचा अधिकार नसतो आणि जबाबदारीही नसते, त्यामुळे तिला निरीक्षणाला भरपूर वेळ मिळतो.

मुलाकडचे लोक तंजावरकडचे अय्यर, आता चेन्नईत मैलापूरला राहणारे. आम्ही पुण्याचे देशस्थ. स्थळ विवाहविषयक संकेतस्थळावरून आलेले होते. भाचीने मातृभाषेची अट काढून टाकली होती आणि त्याचे घरात कौतुकही झाले. मात्र त्याच अर्जातल्या जातीच्या रकान्याला कोणी हात लावला नव्हता, ही गोष्ट कौतुकाच्या भरात बोलायची राहून गेली. मुलगा-मुलगी दोघेही बंगळुरूला नोकरीला असल्यामुळे त्यांची भेट, बोलणे आणि बहुधा होकारही आधीच झालेला होता. तरीही घरांनी घरांना भेटायचे ते भेटायचेच.

भेटीसाठी माटुंगा निवडले गेले, कारण मुलाची आत्या तिथे राहते. प्लेगच्या साथीनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी केली, रुंद रस्ते सोडले, बागांना जागा ठेवली आणि पुढे नोकरीसाठी मुंबईत आलेली कितीतरी तमिळ घरे तिथेच स्थिरावली. आत्याबाई त्या घरांपैकी एका घरातल्या. त्यांचे मराठी भाजीबाजारात घासून तयार झालेले, त्यामुळे त्यात आदरार्थी बहुवचन जवळपास नव्हतेच. ‘तू बस, मी आणते’ असे त्यांनी माझ्या भावोजींना पहिल्याच मिनिटाला सांगितले आणि भावोजी निमूटपणे बसले.

अशा भेटीत पहिल्या अर्ध्या तासात व्यंकोजीराजे येतात, हे मी गृहीतच धरले होते. तमिळ माणूस समोर आला, की मराठी माणसाला शिवाजी महाराजांचे हे सावत्र भाऊ आठवतात आणि त्यांच्यापासून १८५५ पर्यंत टिकलेले तंजावरचे भोसल्यांचे राज्य आठवते. आमच्या काकांनी ते राज्य पाणी पिऊन होताच काढले. मुलाच्या आजोबांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि बृहदीश्वराच्या देवळातला मोठा मराठी शिलालेख आपण लहानपणी बोटाने गिरवत असू, असे सांगितले. सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसले वंशाचा तो इतिहास काकांनी कधीच पाहिलेला नव्हता. त्यानंतर काका बराच वेळ इतिहासावर बोलले नाहीत.

पहिला खरा अडथळा आला तो जेवणाचा. आम्ही पहाटेच्या गाडीने निघालेलो, वाटेत पोहे खाल्लेले, आणि एक वाजता जेवायचे अशा हिशेबाने साडेदहाला पोहोचलो. तर अकराला पाने मांडून झाली. सकाळी लवकर पूर्ण जेवण आणि तीनच्या सुमारास टिफिन, म्हणजे हलके खाणे, असा त्या घराचा जुना क्रम. केळीच्या पानाचे निमुळते टोक डावीकडे, आधी पायसमचा थेंब, मग भात आणि सांबार, पुन्हा भात आणि रसम, पुन्हा भात आणि ताक. आमचेही पान वरणभाताने सुरू होते आणि ताकभाताने संपते, त्यामुळे दोन्ही टोके ओळखीची होती. गडबड मधल्या भागाची होती. सांबारभात झाल्यावर काका हात आवरून बसले, कारण आता पोळी येईल असा त्यांचा अंदाज होता. वाढणाऱ्यांना वाटले, की यांचे पोट भरले. इकडे ताईने पायस ‘नको, नको’ म्हणून नाकारले. तिसऱ्यांदा आग्रह झाला की ‘बरं, थोडंसं’ म्हणण्याचा तिचा शिरस्ता आहे. मुलाच्या आईने पहिल्या ‘नको’चा मान राखला आणि पायसाचे भांडे पुढच्या पानाकडे गेले. भांडे जाताना ताईची नजर त्याच्या पाठोपाठ गेली. त्या बाई असभ्य नव्हत्या आणि ताईही ढोंगी नव्हती. एका घरात नकार हा बोलण्याची सुरुवात असतो आणि दुसऱ्या घरात तो नकारच असतो, इतकेच.

पत्रिका जुळवण्याचे काम दोन्हीकडच्या ज्योतिषांनी आपापल्या परीने आधीच उरकलेले होते. आमच्याकडे ३६ पैकी किती गुण आले हे बघितले गेले, अठराच्या वर आहेत आणि नाडीदोष नाही म्हटल्यावर समाधान झाले; त्यांच्याकडे दहा ‘पोरुत्तम’, म्हणजे जुळणीच्या कसोट्या, बघतात आणि त्यांतल्या ‘रज्जू’ला नाडीइतकेच वजन. तरीही भावोजींनी मुलाची पत्रिका हातात घेतली आणि कागद आधी उभा, मग आडवा धरून बघितला. आपल्या कुंडलीत लग्नस्थान वर मधोमध ठरलेले असते आणि राशी बदलत जातात, घरे डावीकडून खाली मोजत जायची; त्यांच्या चौकटीत मीन रास कायम वरच्या डाव्या कोपऱ्यात आणि मोजणी घड्याळाच्या काट्याप्रमाणे. आजोबांनी न बोलता कागद सरळ करून दिला. तेच ग्रह, तीच नक्षत्रे, तरी भावोजींना आपला होणारा जावई क्षणभर ओळखू येईना.

तीन वाजता सोज्जी आणि बज्जी आली. आपल्याकडे जे स्थान कांदेपोह्यांना, ते तमिळ घरांत या जोडीला: गोड रव्याची सोज्जी आणि बेसनातली केळ्याची किंवा बटाट्याची भजी. रीतीप्रमाणे मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी जाऊन ती खायची असते. इथे मुलीकडचेच पाहुणे होते, त्यामुळे बशा कोणी कोणापुढे धरायच्या याचा थोडा वेळ घोळ झाला. ‘चहा की कॉफी’ या प्रश्नाला आमच्यातल्या प्रत्येकाने ‘काहीही चालेल’ असे शालीन उत्तर दिले होते आणि त्याचे फळ म्हणून सगळ्या चहाबाजांपुढे वाफाळत्या कॉफीचे डबरा-टंबलर, म्हणजे वाटी-पेले, आले. मुलीला गायला सांगण्याची पद्धत दोन्हीकडे होती आणि ती मोडीत निघाल्याचा दोन्हीकडच्या तरुणांना आनंद होता. पण मुलाच्या आजींना, म्हणजे पाट्टींना, हे कोणी कळवलेले नव्हते. त्यांनी सरळ विचारले आणि भाचीने फारसे आढेवेढे न घेता विठ्ठलाचा एक अभंग म्हटला. दुसऱ्या ओळीला पाट्टी टाळ्या धरून सोबत गाऊ लागल्या. तंजावरच्या दरबारी मराठी कीर्तनाने तिथल्या हरिकथेला वळण दिले आणि तमिळ भजनमंडळ्यांच्या पद्धतीत अभंगांना आजही ठरलेली जागा आहे, हे मी वाचलेले होते. पण वाचलेले असणे वेगळे आणि पाट्टींची लय आमच्यापेक्षा जलद असल्यामुळे भाचीची झालेली धावपळ बघणे वेगळे.

आता मुख्य मुद्दा. मुलाचे मामा साडेतीनपासून घड्याळ बघत होते. दिवस रविवार, आणि रविवारी साडेचार ते सहा राहुकाळ. त्या दीड तासात शुभकार्याची बोलणी पक्की करायची नाहीत, ताटांची देवघेव करायची नाही आणि शक्यतो प्रवासालाही निघायचे नाही. आतल्या खोलीत नारळ, विड्याची पाने, खडीसाखर, फळे, हळद-कुंकू लावून ताटे तयार होती. इकडे आम्ही निघालो होतो ते मनात ‘घरी जाऊन कळवतो’ हे वाक्य घेऊन. होकार द्यायचा असला तरी तो दोन दिवसांनी फोनवर द्यावा, उतावळेपणा दिसू नये, ही आमच्याकडची सभ्यता. त्यांच्याकडे मात्र जेवून, कॉफी पिऊन, पाट्टींबरोबर गाऊनही काही न बोलता निघून जाणे म्हणजे नकार. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे आम्हाला दादरला डेक्कन क्वीन पकडायची होती. ती मुंबईहून पाच वाजून दहा मिनिटांनी सुटते, म्हणजे माटुंग्याहून निघायची वेळ नेमकी राहुकाळात. पाट्टींच्या मते आम्ही साडेचारच्या आत उंबरा ओलांडायला हवा होता.

पुढच्या अर्ध्या तासात जितके ठरले तितके आमच्या घरात एरवी महिनाभरात ठरत नाही. आधी महिना. आमची पंचांगे चांद्र, त्यांची सौर. त्यांच्याकडे आडी, म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, आणि मार्गळी, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत, लग्ने नाहीत. आमच्याकडे आषाढी ते कार्तिकी एकादशी चातुर्मास आणि पुढे पौष. त्यांना चालणारा आवणी महिना आमच्या चातुर्मासात पडतो, त्यांचा तै आमच्या पौषात अडकतो. अखेर तुळशीचे लग्न आटोपल्यानंतरचा आणि मार्गळी लागण्यापूर्वीचा, त्यांच्या कार्तिगै महिन्यातला थोडासा काळ उरला. उन्हाळ्यातही जागा होती, पण मे महिन्यात चेन्नईला जाण्याची कल्पना आमच्याकडच्या कोणालाच मानवली नाही.

मग वेळ. आमच्या निमंत्रणपत्रिकेत मुहूर्त मिनिटात असतो, अकरा वाजून त्रेचाळीस मिनिटे वगैरे, आणि मंगलाष्टके लांबवून किंवा आटोपती घेऊन गुरुजी तो गाठतात. त्यांच्या पत्रिकेत नऊ ते साडेदहा असा ऐसपैस काळ छापलेला असतो आणि त्यात कधीही ताली, म्हणजे त्यांचे मंगळसूत्र, बांधली तरी चालते. मिनिटाची चैन करणारे आम्ही सहसा उशिरा पोहोचतो आणि दीड तासाची मुभा असलेले ते पहाटेपासून मांडवात असतात, हे आत्याबाईंनी हसत सांगितले. ते आम्हाला लागले, कारण खरे होते. मार्ग मामांनीच सुचवला: त्यांच्या दीड तासाच्या आत बसणारे आमचे एक मिनिट आमच्या गुरुजींनी शोधावे, त्या मिनिटाला अंतरपाट काढावा, अक्षता पडाव्यात आणि लगेच नादस्वराच्या कल्लोळात ताली बांधली जावी. मामांच्या या वाक्यावर दोन्हीकडच्या माना एकदमच हलल्या.

विधी कोणाच्या पद्धतीचे, यावर काकांनी आपली वकिली बाहेर काढली आणि १९५५च्या हिंदू विवाह कायद्याचे सातवे कलम सांगितले, की वधू किंवा वर यांपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढीने लागलेले लग्न ग्राह्य असते आणि सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला ते पूर्ण होते. पाट्टींना कलमात रस नव्हता. त्यांना वराची काशीयात्रा हवी होती. छत्री-काठी घेऊन काशीला निघालेल्या नवरदेवाला मुलीच्या वडिलांनी परत वळवायचे, हे ऐकून ताई म्हणाली, की आमच्याकडे हे सोडमुंजीतच उरकते आणि तिथे मामा अडवतो. कन्यादान मात्र एकदाच करता येते, दोन पद्धतींनी दोनदा नाही, हा प्रश्न दोन्हीकडच्या पुरोहितांवर सोपवला गेला.

चार वाजून वीस मिनिटांनी ताटे बाहेर आली आणि घाईत शेवटचा गोंधळ झाला. आत्याबाईंनी कुंकवाचा करंडा ताईपुढे धरला. त्यांच्याकडे पाहुणीने आपल्या हाताने कुंकू घ्यायचे असते. ताई कपाळ पुढे करून थांबली, करंडा तसाच थांबला, आणि दोघींच्या मध्ये काही क्षण काहीच घडले नाही. शेवटी आत्याबाईंनीच बोट बुडवून ताईच्या कपाळाला टेकवले, मग ताईने त्यांच्या. ओटीसाठी आम्ही नेलेला खण-नारळ त्यांना आणि तांबूलाबरोबरचा ब्लाउजपीस-नारळ आम्हाला, असा व्यवहार होऊन नेले तितकेच नारळ परत आले.

साडेचारला दोन मिनिटे असताना आम्ही टॅक्सीत होतो आणि गाडी यायच्या खूप आधी दादरच्या फलाटावर. काका बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी मुलाच्या मामांना फोन लावला, मुहूर्त, पुरोहित, हॉल या सगळ्यांची आस्थेने उजळणी केली आणि ठेवता ठेवता विचारले, की लग्नाच्या जेवणात पोळी असेल ना. पलीकडून तत्परतेने उत्तर आले, की हो, नक्की, रात्रीच्या टिफिनला.