एस. पळशीकर नक्की कोण? आणि बाकी सायटेशनची भानगड

परवा आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या मॅडमचा मेसेज, सर तुमचा एच-इंडेक्स (तुमच्या संशोधनाचं वजन सांगणारा आकडा) पाठवा, आजच, नॅकच्या फॉर्मात क्रायटेरिया थ्रीमध्ये, म्हणजे संशोधनाच्या भागात टाकायचाय. माझा एच-इंडेक्स सांगायला लागलो तर पगार सांगितल्याइतकी लाज वाटते त्यामुळे तो विषय इथेच सोडतो. पण त्या निमित्ताने गूगल स्कॉलर, म्हणजे कुठला लेख किती ठिकाणी संदर्भ म्हणून आलाय ते दाखवणारी गूगलची साइट, उघडून बसलो आणि म्हटलं आपल्या विषयातल्या, राज्यशास्त्रातल्या मोठ्या माणसाचं काय दिसतं बघू, म्हणून सुहास पळशीकर सर्च केलं.

पहिली गंमत नावातच. स्कॉलरवर लेखक दिसतो 'एस पळशीकर' असा. आता राज्यशास्त्रात एस पळशीकर दोन आहेत ना, एक पुण्याचे सुहास, दुसरे हैदराबाद विद्यापीठातले संजय, ज्यांचं काम राजकीय विचारांवर, गीतेच्या आधुनिक भाष्यांवर. एक निवडणुका आणि पक्षांवर लिहिणारा, दुसरा तत्त्वज्ञानाकडे झुकलेला, आणि मशीनला दोघं सारखेच. नुसते आकडे कॉपी करून फॉर्मात भरणाऱ्याला हे कळणार कसं?

एच-इंडेक्स म्हणजे काय हे दरवर्षी कुणीतरी विचारतंच म्हणून सांगतो. 2005 मध्ये हर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने तो काढला, 20 एच-इंडेक्स म्हणजे तुमचे 20 लेख असे की प्रत्येकाला निदान 20 ठिकाणी संदर्भ म्हणून वापरलंय (यालाच सायटेशन म्हणतात). म्हणजे एकाच लेखाला हजार सायटेशन असली तरी तो मोजला जाणार एकच. फिजिक्समध्ये ठीक असेल, तिथे वर्षाला ढीगभर पेपर निघतात, आमच्याकडे एका सर्व्हेत चार वर्षं जातात हो.

आता पळशीकरांचे दोन लेख घ्या. एक योगेंद्र यादवांबरोबरचा, 1952 ते 2002 मधल्या राज्यांच्या पक्षपद्धतीवर, 2003 चा. राज्यांच्या राजकारणावर पीएचडी करणारा माणूस या लेखाला वळसा घालून जाऊच शकत नाही. आणि तो छापला कुठे तर इंडियन स्कूल ऑफ पॉलिटिकल इकॉनॉमीच्या जर्नलमध्ये, आपल्या पुण्यातल्या. दुसरा राजेश्वरी देशपांडेंबरोबरचा, 2008 चा, ईपीडब्ल्यू म्हणजे इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकलीमधला, पुण्यात सर्व्हे करून घराघरात पिढ्यान्‌पिढ्या व्यवसाय कसे बदलत गेले आणि त्यात जात किती आड आली हे बघितलंय. यूजीसीच्या 2018 च्या नियमाने सोशल सायन्सच्या पेपरला 10 पॉइंट, दोन लेखक असले की प्रत्येकाला 70 टक्के, म्हणजे नुसते मूळचे पॉइंट धरले तर या लेखाचे होतात माणशी 7. आणि कुठल्या तरी चर्चासत्रात घाईघाईत खरडलेला, कुणीही न वाचलेला पण यूजीसीच्या यादीतल्या जर्नलमध्ये बसवलेला माझा पेपर, एकट्याचा, पूर्ण 10. मी पळशीकरांच्या 3 पॉइंट पुढे! (हसू नका, प्रमोशनची फाईल अशीच भरते.)

बरं हे झालं इंग्रजीतलं. या माणसाने साधनेत, लोकसत्तेत मराठीतून इतकं लिहिलंय की महाराष्ट्राच्या राजकारणावर आपण चहाच्या टपरीवर जे शहाणपण पाजळतो त्यातलं बरंचसं तिथूनच झिरपत आलेलं असतं, आपल्याला ते माहीतही नसतं. त्यातलं स्कॉलरवर काय येतं? जवळजवळ काहीच नाही. लोकनीतीच्या, म्हणजे दिल्लीच्या सीएसडीएस संस्थेच्या ज्या गटात पळशीकरांनी वर्षानुवर्षं काम केलं त्याच्या निवडणूक सर्व्हेंचंही तेच, पेपरवाले 'सीएसडीएसच्या आकडेवारीनुसार' लिहून मोकळे.

आणि सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं काम कुठलं? माझ्या मते एनसीईआरटीची अकरावी-बारावीची राज्यशास्त्राची पुस्तकं, यादव आणि पळशीकर मुख्य सल्लागार होते. यूपीएससीवाली पोरं ती पाठ करतात. त्यातल्याच एका जुन्या व्यंगचित्रावरून 2012 ला संसदेत गदारोळ झाला, दोघांनी राजीनामे दिले, पुणे विद्यापीठातलं पळशीकरांचं ऑफिस फोडलं, पुढे 2023 मध्ये पुस्तकांतली काटछाट बघून आमची नावंच काढा असं दोघांनी एनसीईआरटीला कळवलं. आता याला इम्पॅक्ट म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं, पण आमच्या फॉर्मात त्याला रकानाच नाही.

सायटेशन मोजूच नये असं मी म्हणत नाही हं. नाहीतर प्राचार्यांच्या मर्जीवर सगळं ठरतं, ते त्याहून वाईट. फक्त ज्या भाषेत तळटीप द्यायची सवयच नाही तिथे सायटेशन येणार कुठून हा माझा प्रश्न आहे.

एमए टूचा एक मुलगा गेल्या महिन्यात प्रोजेक्ट घेऊन आला. अख्खं दुसरं प्रकरण पळशीकरांच्या एका मराठी लेखावर उभं, लेखाची झेरॉक्स हातातच, निळ्या पेनाने, मग लाल पेनाने, मग हायलायटरने रंगवलेली, समासात बाण काढलेले, एका ठिकाणी चक्क 'हे आमच्या गावात पण' असं लिहिलेलं. प्रकरणात संदर्भ एकही नाही. म्हटलं अरे बाबा, निदान एक तळटीप तरी दे, नाव, अंक, पान नंबर. तर म्हणतो, "सर, नाव टाकतो, पण पान नंबर झेरॉक्समध्ये कापला गेलाय."