सही करायच्या आधी

काल आमच्या चादरीच्या कारखान्यात एका रील करणाऱ्या मुलाशी करार जवळजवळ ठरला होता. फॉलोअर्स भरपूर, बोलणं गोड, मालक खूश. मी म्हटलं, "काका, एक रात्र द्या मला."

रात्री त्याची वर्षभराची रील्स बघत बसले. पुन्हा पुन्हा एकच दुकान, आणि दरवेळी "मला आवडली म्हणून सांगतोय". एका रीलमध्ये घडी उलगडताना कोपऱ्यावरचं लेबल दिसलं. माल पानिपतचा, तोंडी मात्र सोलापुरी चादर!

आज सकाळी फोन करून सरळ विचारलं. जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "ताई, दुकान दाजींचं आहे. माझीही भागीदारी आहे."

पैसे, फुकट वस्तू, नातं, भागीदारी, जे असेल ते प्रेक्षकांना स्पष्ट सांगायचं, हे केंद्राच्या २०२३ च्या सूचनांत आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्यांदा १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पण मला दंडापेक्षा मागावर बसणारे आमचे लोक आठवले. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे हे नाव तिथल्याच मालाला लावता येतं, आणि ते मानांकन त्यांच्या हातांमुळे. त्यांचं नाव दुसऱ्याच्या मालाला लावणाऱ्याच्या तोंडून आमची जाहिरात मला नको होती.

काकांनी ऐकून घेतलं आणि करार ड्रॉवरमध्ये टाकला. आता पुढच्या प्रत्येकाला पहिला प्रश्न हाच: घरात, नात्यात कुणाचं दुकान आहे का?