रायगडला जाताय? मग महाडला नुसता चहा पिऊन पुढे जाऊ नका

पावसाळा संपत आला की आमच्या फॅमिली ग्रुपवर रायगड रायगड सुरू होतं, यंदाही झालंय आणि प्लॅनिंग नेहमीसारखं माझ्याच गळ्यात पडलंय. दादाचं म्हणणं एकदम सोपं, पहाटे पुण्यातून निघू, रोपवेने वर, फोटो, पिठलं-भाकरी, रात्री घरी. तसं होतंही, लोक करतातच. पण मग गडाच्या पायथ्याचं पाचाड गाडीच्या काचेतून बघायचं आणि महाडला फक्त पेट्रोल आणि चहा. यावेळी मी अडून बसलेय, शनिवार-रविवार दोन्ही द्या नाहीतर तुमचं तुम्ही बघा.

तर शनिवारी ताम्हिणी उतरून माणगाववरून महाड, आणि तिथे आधी चवदार तळं. बरेच जण बाबासाहेबांच्या पुतळ्यासोबत एक सेल्फी काढतात की निघाले. माझं म्हणणं, तळ्यापाशी जरा निवांत बसा आणि तारखा डोक्यात फिरू द्या. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करा हा समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ लाच पास झालेला, पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केलं, पण सगळं कागदावर, प्रत्यक्षात पाण्याला हात लावायची सोय नव्हती. मग २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेतल्या लोकांना घेऊन चालत तळ्यावर आले आणि पाणी प्यायले. बस, एवढंच केलं. त्यावरून परत निघालेल्या लोकांना मारहाण, तळ्याचं म्हणे शुद्धीकरण, नगरपालिकेने स्वतःचाच ठराव मागे घेतला, आणि डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला तर तळं खाजगी आहे म्हणून सवर्णांनी कोर्टातून मनाई आणली! त्याच डिसेंबरच्या २५ तारखेला इथेच मनुस्मृती जाळली. हायकोर्टाचा निकाल बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ ला. गावाच्या तळ्यातलं पाणी प्यायला दहा वर्षं कोर्टकचेरी, विचार करा.

२० मार्च आणि २५ डिसेंबरला प्रचंड गर्दी असते. शांतपणे बघायचं तर त्या तारखा सोडून जा. संध्याकाळ उरली तर हायवेलगत गांधारपाले लेणी आहेत, बौद्ध लेणी, थोडं चढावं लागतं.

मुक्काम महाडलाच. रविवारी लवकर पाचाड, जिजाऊंची समाधी. राज्याभिषेक ६ जून १६७४ चा आणि आऊसाहेब गेल्या १७ जूनला, म्हणजे मुलाला छत्रपती झालेलं बघितलं आणि अकरा दिवसांत गेल्या. म्हणून मला आधी पाचाड आणि मगच गड हाच क्रम बरोबर वाटतो, दादाला काय वाटतं ते त्याचं तो बघेल.

आई आणि मावशी हिरकणीवाडीतून रोपवेने, बाकीचे पायऱ्यांनी, चौदाशेच्या वर आहेत त्यामुळे ऊन चढायच्या आत. गेल्या वर्षी जुलैमध्ये म्हणजे २०२५ ला युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले आले त्यात रायगड आहेच, तेव्हा वीकेंडला रोपवेची लाईन गृहीत धरा. नगारखाना, राजसदर, बाजारपेठ सगळे बघतातच. जगदीश्वराच्या देवळात मात्र पायरीकडे खाली बघा. तिथल्या एका दगडावर गड बांधणाऱ्या हिरोजींचं नाव कोरलंय, ‘सेवेचे ठायी तत्पर’ म्हणून. लोक चपला काढायच्या नादात पुढे जातात. तिथून महाराजांची समाधी समोरच आहे.

आता दादाने नवीन टूम काढलीये, पोलादपूरजवळ उमरठला तानाजींची समाधी आहे तिकडेही जाऊ. जाऊ की, पण ते महाडच्या पुढे दुसऱ्या दिशेला, म्हणजे सोमवारची रजा. ती टाकायची हिंमत त्याने आधी दाखवावी, मग बघते.