परवान्यामागे छापलेली अट

माझं टेबल बिलांचं. महापालिकेच्या आरोग्य विभागाच्या ठेकेदारांची बिलं माझ्याकडे तपासून मग लेखा विभागात जातात. झाडणकामाच्या फाईलमध्ये कागदांचा क्रम ठरलेला: कोठीवरचं, म्हणजे झाडणाऱ्यांची हजेरी लागते त्या ठिकाणचं हजेरीपत्रक, पगारपत्रक, बँकेत पगार जमा केल्याची यादी, पीएफचं चलन, ईएसआयचं (कामगार विम्याचं) चलन आणि सगळ्यात खाली ठेकेदाराच्या कंत्राटी कामगार ठेवण्याच्या परवान्याची झेरॉक्स. ती झेरॉक्स आहे की नाही एवढंच पाहायचं, अशी पद्धत.

त्या दिवशी पर्वतीच्या बाजूच्या एका कोठीवरच्या दोघी वर आल्या. एक मावशी कायम, सासूच्या जागी वारसा हक्कानं लागलेली, नोकरीला वीस वर्षं होऊन गेलेली. दुसरी ठेकेदाराकडची, वयानं बरीच लहान. आदल्या दिवशी मावशीनं तिला बँकेत नेऊन पासबुक भरून आणलं होतं. ते माझ्यापुढे ठेवून ती ताई म्हणाली, "मॅडम, हे जमा झालेले पैसे खरंच माझेच आहेत का?"

मी फाईल काढली. हजेरी 26 दिवस. पगारपत्रकात 26 दिवसांचं किमान वेतन, बँकेच्या यादीत तीच रक्कम आणि पासबुकातही तीच. कागदावर कुठेच खोट नाही. पण पासबुकात जमेच्या खालची ओळ एटीएममधून काढलेल्या रकमेची होती. दर महिन्याला पगार जमा झाल्यावर एक-दोन दिवसांत, आणि दर वेळी जवळपास तेवढीच रक्कम.

"कार्ड कुणाकडे असतं?"

"सुपरवायझरकडे. आमच्या सगळ्यांचीच त्यांच्याकडे असतात. खातं उघडलं तेव्हाच घेतली. ते पाकिटातून पैसे देतात."

पाकिटात किती मिळतात ते तिनं सांगितलं. मावशी मान खाली घालून ऐकत होती. दोघी एकाच रस्त्यावर झाडू मारतात, एकीच्या बीटची हद्द संपते तिथे दुसरीची सुरू होते, आणि मावशीला हा आकडा आदल्या दिवशीच कळला होता.

मग मी पीएफचं चलन उघडलं. त्याच्यासोबतच्या यादीत प्रत्येक कामगारापुढे 'एनसीपी' असा एक रकाना असतो. बिनपगारी गेलेले दिवस तिथे भरायचे. हिच्या नावापुढे त्या रकान्यात 12 होते. म्हणजे आमच्याकडून बिल 26 दिवसांचं घ्यायचं आणि पीएफ 14 दिवसांचा भरायचा. खालच्या ओळी वाचत गेले. बहुतेक नावांपुढे तसेच आकडे. तिच्या पगारातून कापलेले 12 टक्केसुद्धा पूर्ण भरलेले नव्हते.

माझा संताप झाला, आणि तो अजून ओसरलेला नाही. शहर जागं व्हायच्या आत जिनं रस्ता लख्ख केलेला असतो, तिच्या घामाचे पैसे तिच्याच नावाच्या कार्डानं काढून नेले जात होते.

'बिल रोखावे' अशी टिपणी लिहिणं सोपं होतं. पण बिल अडलं की ठेकेदार हात वर करतो आणि उपाशी राहतात त्या बायकाच. म्हणून तेव्हा लागू असलेला 1970 चा कंत्राटी कामगार कायदा मी टिपणीत नीट उतरवला. कलम 21 प्रमाणे ठेकेदारानं वेतन दिलं नाही किंवा कमी दिलं, तर ते देण्याची जबाबदारी मुख्य मालकाची, म्हणजे आमची. ते आपण द्यायचं आणि ठेकेदाराच्या बिलातून वसूल करायचं. वरिष्ठांनी टिपणी दोनदा वाचली आणि सही केली. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे, कारण त्या सहीसाठी धाडस लागतं. आठवड्याच्या आत कार्डं परत मिळाली. पीएफचा फरक भरायला मात्र ठेकेदारानं बराच वेळ काढला.

हे सगळं मार्गी लागत असताना मावशी पुन्हा आली. म्हणाली, "आता हिला पुरते मिळाले तरी माझ्या निम्म्याहून कमीच ना? काम तर तेच आहे."

याला मी काय सांगणार होते? ठेकेदाराची लबाडी पकडता येते. हा फरक मात्र निविदेतच मंजूर झालेला असतो. राज्याच्या सातव्या वेतन आयोगात सर्वात खालच्या एस-1 श्रेणीचं मूळ वेतन 15,000 पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, दरवर्षीची वेतनवाढ. हिला किमान वेतन आणि सहा महिन्यांनी बदलणारा विशेष भत्ता. नऊ वर्षं झाडा की नऊ दिवस, दर तोच. 26 ऑक्टोबर 2016 ला सर्वोच्च न्यायालयानं पंजाब सरकार विरुद्ध जगजित सिंग या खटल्यात 'समान कामाला समान वेतन' हे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लावलं. पण ते कर्मचारी सरकारनं स्वतः नेमलेले होते. मध्ये ठेकेदार उभा राहिला की "ती आमची कर्मचारीच नाही" म्हणायला जागा होते.

तेव्हा मी फाईलच्या तळाची झेरॉक्स काढून मागचं पान वाचलं. परवान्याच्या अटींतच लिहिलेलं: ठेकेदाराचे कामगार मुख्य मालकाच्या कामगारांसारखंच किंवा तशाच प्रकारचं काम करत असतील, तर वेतनाचे दर, सुट्ट्या, कामाचे तास आणि सेवाशर्ती सारख्याच असतील. काम सारखं आहे की नाही यावर वाद झाला तर निर्णय कामगार आयुक्तांचा. ही अट पाळीन असं मान्य करूनच ठेकेदारानं परवाना घेतला होता, आणि तो परवाना बघून आम्ही बिल काढत होतो.

कार्यालयात मला लगेच ऐकवलं गेलं की कायम कामगारांना जबाबदारी जास्त असते, तुलना होत नाही. मी कोठीवर जाऊन मुकादमाची कामवाटप वही मागितली. मावशी रजेवर असेल त्या प्रत्येक तारखेला तिच्या बीटवर मुकादमानं या ताईचंच नाव लिहिलं होतं. झाडू तोच, ढकलगाडी तीच, वेळ तीच, खाली आरोग्य निरीक्षकाची सही.

अर्ज ताईच्या नावानं शिवाजीनगरला कामगार आयुक्त कार्यालयात दिला आहे. साक्षीदार म्हणून मावशीनं सही केली. "तुमच्या पगाराला धक्का लागेल," असं तिला कुणीतरी घाबरवून पाहिलं होतं, तरी केली. वहीतल्या पानांच्या नकला माहिती अधिकारात रीतसर मिळवून जोडल्या आहेत. सुनावणीची तारीख अजून लागायची आहे.